दरवर्षी बुडणारी वाट : मुठाकाठच्या एका प्रयोगाचा अभ्यास

पुण्यात राजाराम पूल आणि म्हात्रे पूल यांच्या दरम्यान मुठेच्या डाव्या काठाने डीपी रस्ता जातो. रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला मंगल कार्यालयं, लॉन्स, नर्सऱ्या, आणि त्यांच्या मागे नदी. गाडीतून जाणाऱ्याला ती दिसत नाही. लग्नाला आलेल्यालाही दिसत नाही, फार तर पंगतीत बसल्यावर वाऱ्याबरोबर वास आला की आठवते. या मागच्या पट्ट्यात आसपासच्या रहिवाशांनी गेल्या काही वर्षांत पायवाट केली. खरं तर दोन केल्या, एक वरची आणि एक खालची, आणि त्यांना जोडणाऱ्या तिरक्या उतारवाटा. आखणीचं काम माझ्याकडे होतं. नदीकाठाचं काय करावं यावर पुण्यात एवढा वाद चालू असताना एक लहानसं, अजून अर्धवट असलेलं प्रकरण तपशिलात मांडलेलं बरं, म्हणून हे टिपण.

सगळं सुरू झालं 2020 च्या टाळेबंदीत. बागांना कुलूप, टेकड्यांवर जायला मनाई, आणि घरात बसून कंटाळलेली माणसं. कुणीतरी एका लॉनच्या बाजूच्या बोळातून मागे गेलं आणि तिथे म्हशी जाऊन जाऊन पडलेली मळवाट सापडली. पहाटे तिथे धोबी, खंड्या, वंचक असे पक्षी दिसायचे, थंडीत हळदी-कुंकू बदकंही दिसली. पाणी काळं आणि वास होताच, तरी लोक रोज यायला लागले. टाळेबंदी उठल्यावर बरेच जण पुन्हा बागेत गेले. जे राहिले त्यांचा व्हॉट्सॲप गट झाला आणि गटावर पहिला ठराव आला, 'इथे छान जॉगिंग ट्रॅक व्हायला पाहिजे.'

जॉगिंग ट्रॅक म्हटल्यावर पुणेकराच्या डोळ्यांसमोर जे येतं तेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. लाल-करडे पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, दर पन्नास पावलांवर बाक, बाकावर देणगीदाराचं नाव, सोलर दिवे आणि एका टोकाला ओपन जिम. पहिला आराखडा तसाच झाला होता.

रेषा तीन, जमीन एक

नदीकाठ सरकारचा असतो असा सर्वसाधारण समज आहे. पात्र सरकारी असतं, काठ बहुतेक ठिकाणी नसतो. इथल्या सर्व्हे नंबरांचे सातबारे खासगी आहेत. शेती कधीच गेली, पण नावं तीच. त्या जमिनीवर विकास आराखड्याने हरित पट्टा दाखवलेला आहे, म्हणजे मालकी खासगी आणि वापरावर बंधन. त्यावरून आणखी दोन रेषा जातात, जलसंपदा विभागाच्या पूररेषा. सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांत एकदा येणाऱ्याची ती लाल. मुठेसाठी निळी रेषा 60 हजार क्युसेकला, म्हणजे सेकंदाला 60 हजार घनफूट विसर्गाला, आणि लाल 1 लाख क्युसेकला धरलेली आहे. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मैदान, हलकी पिकं असा मोकळा वापर चालतो, बांधकाम चालत नाही.

मालकीची हद्द, हरित पट्टा आणि निळी रेषा एकमेकींवर ठेवून पाहिल्या तेव्हा आमचा जवळजवळ सगळा ट्रॅक निळ्या रेषेच्या आत होता. ओपन जिम तर पात्रातच. हे कळलं ते एका कार्यालयात. तिथल्या अभियंत्यांनी नकाशा उलगडला, पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "काका, तुम्ही म्हणताय तो वॉकिंग ट्रॅक. कागदावर तो काँक्रीटचा पाया असलेला रस्ता आहे. मी सही केली तर उद्या मला लवादापुढे उभं राहावं लागेल."

साहेबांची भीती पोकळ नव्हती. समोरच्याच काठावर, विठ्ठलवाडीच्या बाजूने पात्रातून नेलेल्या रस्त्याचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं होतं आणि 2013 मध्ये निकाल रस्त्याच्या विरोधात लागला. तेव्हापासून निळ्या रेषेच्या आतली कुठलीही फाइल टेबलावर आली की ती पुढच्या टेबलावर सरकते. नागरिकांना हा नुसता टोलवाटोलवीचा प्रकार वाटतो. माझ्या मते अशा फायली अडकतात तेच बरं आहे. त्या धडाधड मंजूर झाल्या असत्या तर मुठा आज आहे त्याहून अरुंद असती.

मग पैशाचा प्रश्न. एरवी असलं काम नगरसेवकाच्या 'स' यादीतून, म्हणजे त्याच्या प्रभागासाठीच्या निधीतून होतं. पण मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि ज्यांच्या दारात जायचं ते माजी झाले. दुसरी वाट होती नागरिकांच्या सूचनांमधून अंदाजपत्रकात काम घालायची. पुण्यात ही सोय 2006 पासून आहे, एका कामाला पाच लाखांची मर्यादा. अर्ज भरताना कळलं की मातीच्या वाटेपेक्षा पेव्हर ब्लॉक मागणं फार सोपं. दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, ब्लॉकचा दर आहे, तो चौरस मीटरने मोजता येतो, बिल निघतं. मुरूम पसरून दबाई करणं हाही दरसूचीतला आयटम, पण रस्त्याच्या खालचा थर म्हणून. तोच वरचा, शेवटचा थर असू शकतो हे कुणी लिहून द्यायला तयार नसतं. शहरात जिथे तिथे ब्लॉक दिसतात त्याला लोकांची आवड कारण आहेच, पण ही दरसूचीही आहे.

शेवटी वरच्या वाटेचा एक लहान तुकडा निळ्या रेषेच्या कडेला, आधीच पक्क्या असलेल्या जागेत, ब्लॉकचा झाला. बाकी सगळं वर्गणी, श्रमदान आणि जमीनमालकांची लेखी संमती यांवर. संमतीत एक वाक्य मालकांनी आग्रहाने घालून घेतलं, 'या वापरामुळे वहिवाटीचा हक्क उत्पन्न होणार नाही.' ते वाक्य नसतं तर एकही सही मिळाली नसती.

तिथे आधीच असलेले

पहिल्या आराखड्यात एक गोष्ट अजिबात नव्हती, ती म्हणजे तिथली माणसं. काठावर एक गोठा होता, त्याच्या म्हशी रोज पाण्यात उतरत. वस्तीतल्या काही बायका गोधड्या धुवायला यायच्या, पावसाळ्यानंतर पाणी जरा बरं असतं तेव्हा. शेळ्यांसाठी पाला तोडणारे होते. गळ टाकून बसणारी पोरं होती. संध्याकाळी दारू पिऊन बसणारेही होते. मॉर्निंग वॉकवाल्यांना आणि या सगळ्यांना ती जागा वेगवेगळ्या वेळी हवी असायची, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं.

वडाच्या पारावर बैठक घेतली तेव्हा गाठ पडली. एका ज्येष्ठ काकांनी वाटेवर शेण नको, म्हशींची वेळ ठरवून द्या, असं सुचवलं. गोठेवाले मामा गप्प राहिले. उत्तर दिलं गोधड्यांचं गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या मावशींनी, "तुमी फिराया येता, आमी कामाला येतो. येळ कुनी कुनाला ठरवून द्यायची?"

काकांनी त्यावर जोर धरला नाही. पुढच्या आखणीत म्हशींची उतरण जशीच्या तशी ठेवली, खालची वाट तिथे मुद्दाम वळवून वरच्या अंगाने नेली. गोधड्या धुवायच्या सपाट दगडांना हात लावला नाही. हे औदार्य मुळीच नव्हतं. म्हशी रोज जातात तिथे जमीन आपोआप दबलेली असते आणि उतार कुठे सोसवतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. वाटेचा अर्ध्याहून जास्त भाग आम्ही त्या मळवाटेवरूनच नेला. लेव्हल लावून पाहिलं तेव्हा नव्याने आखलेल्या रेषेपेक्षा ती बहुतेक ठिकाणी सौम्य निघाली.

दिव्यांवर मोठा वाद झाला. सुरक्षेसाठी दिवे हवेत असं पुरुष सांगत होते. रोज फिरणाऱ्या बायकांना विचारलं तर म्हणाल्या, दिवे लावले की दारू पिणाऱ्यांचीच सोय होईल, अंधारात आम्ही येतच नाही. त्यांना हवं होतं ते वेगळं. वाटेला शिरायच्या जागा वर्दळीच्या असाव्यात, मध्येच वर रस्त्यावर निघायला वाटा असाव्यात, आणि झुडपं डोळ्यांच्या उंचीला मोकळी असावीत, म्हणजे पुढे कोण येतंय ते दिसतं. त्याप्रमाणे एक प्रवेश चहाच्या टपरीशेजारी आला, दुसरा रिक्षा स्टँडजवळ. दिवे रद्द झाले. वाट उजाडल्यापासून मावळतीपर्यंत. टपरीवाल्या भाऊंना कुणी पगार देत नाही, पण वाटेवर कोण गेलं आणि परत आलं नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

फावडं मारल्यावर

काम सुरू झालं आणि काठाच्या पोटात काय आहे ते कळलं. वरून पाहिलं तर गाजरगवत, घाणेरी, सुबाभूळ, एरंड. खाली राडारोडा. टिकाव मारला की आधी थोडी माती, मग विटांचे तुकडे, मग कुणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स, कमोडचा पांढरा तुकडा, गज, पुन्हा टाइल्स. ज्याला आपण काठ म्हणत होतो त्यातला बराचसा गेल्या काही दशकांत रात्रीच्या टेम्पोंनी आणून टाकलेला होता. नदीचा खरा काठ त्याच्या मागे कुठेतरी पुरलेला.

इथे सोपी गोष्ट म्हणजे राडारोडा दाबून त्यावर वाट करायची. ती केली असती तर भर पक्की करायला आमचाच हातभार लागला असता. म्हणून खालच्या वाटेवर नियम ठरला, बाहेरून काहीही आणून टाकायचं नाही, उंची वाढवायची नाही. जिथे भराव निघाला तिथे तो उपसून वर काढायचा. पसरला तो फक्त चिखलाच्या जागी मुरूम, तोही वितभर खणून जमिनीच्या पातळीत. दुरमुसाने दबाई. रुंदी दोन माणसं शेजारून चालतील एवढी. काठाच्या बाजूला किंचित ढाळ, म्हणजे पाणी वाटेवरून लांब न वाहता आडवं निघून जातं. उतारवाटांवर ठरावीक अंतराने आडवे दगड रोवले. पावसाचं पाणी त्यांना अडून बाजूला वळतं, नाहीतर एका पावसाळ्यात वाटेचा ओहोळ होतो. वरच्या वाटेला येणारा एक उतार एकास बारा ठेवला, चाकाच्या खुर्चीसाठी. जागा नव्हती, त्याला तीन वळणं द्यावी लागली.

झाडांबाबत गटात दोन तट होते. एकाला गुलमोहर, बोगनवेल हवं होतं. दुसऱ्याला नदीकाठचीच झाडं. दुसऱ्या तटाच्या बाजूने खर्च बोलला. वाळुंजाच्या ओल्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडी काठात खोचल्या की रुजतात, रोप विकत आणावं लागत नाही. वाळ्याचे ठोंब शेतकऱ्यांकडून मिळाले, त्याची मुळं खोल उभी जातात आणि माती धरून ठेवतात. वरच्या अंगाला करंज, उंबर, जांभूळ. सुबाभूळ सगळी एकदम काढायचा बेत मी मोडून काढला, कारण काठ उघडा पडला असता. ती टप्प्याटप्प्याने निघते आहे आणि तितक्याच चिकाटीने परत येते आहे.

सर्वांत अवघड जागा नाल्याची. कोथरूड-कर्वेनगरकडून येणारे नाले या पट्ट्यात मुठेला मिळतात. काठाने मैलापाण्याची मोठी वाहिनी गेलेली आहे, तिचे चेंबर जमिनीच्या वर डोकावतात, आणि वाहिनी तुंबली की मैला नाल्यातून थेट नदीत. वाट नाल्यापाशी येऊन तुटते. लोखंडी साकव टाकायचा म्हटलं तर त्याचे खांब निळ्या रेषेच्या आत, परवानगीची फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. नाल्यात दगडी ठोकळे मांडून पाहिले. उन्हाळ्यात चालतात, पण मैल्याच्या पाण्यावरून ठोकळ्यांवर उड्या मारत सकाळचं फिरणं कुणाला हौसेचं? तेव्हापासून लोक नाल्यापर्यंत येतात, वर चढतात, डीपी रस्त्याने पुढे जातात आणि पलीकडे पुन्हा उतरतात. शहरात जायका या जपानी संस्थेच्या मदतीने 11 नवे मैलाशुद्धीकरण प्रकल्प, एकूण 396 एमएलडी (दिवसाला 39.6 कोटी लिटर) क्षमतेचे, हाती घेतले गेले. ते पूर्ण ताकदीने चालले तर या वाटेचं जेवढं भलं होईल तेवढं आमच्या कुठल्याही आखणीने होणार नाही.

25 जुलै 2024

मुठेचा पूर समजून घ्यायचा तर खडकवासला धरणाची क्षमता पाहावी लागते, 1.97 टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या वर पानशेत 10.65, वरसगाव 12.82, टेमघर 3.71. सगळ्यांत खालचं धरण सगळ्यांत लहान. वरच्या तिघांचा विसर्ग त्यात येतो, शिवाय मधल्या डोंगरांवर पडलेला पाऊसही. रात्रीतून जोरदार बरसला की खडकवासल्याला साठवायला जागाच नसते, दरवाजे उघडावेच लागतात आणि काही तासांत पाणी शहरात.

त्या पहाटे विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास गेला. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 10 लाख लिटर पाणी. समोरच्या काठावर सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरलं, माणसं होड्यांतून काढावी लागली. निळी रेषा 60 हजाराला धरलेली, आणि 35 हजारांतच ही अवस्था. टेम्पोने आणलेल्या त्या निळ्या टाइल्सचा हिशोब इथे लागतो. पात्रात जेवढी भर, तेवढं पाणी वर चढणार.

आमची खालची वाट अर्थातच बुडाली. पाणी ओसरल्यावर जे दिसलं ते नीट नोंदवून ठेवलं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरून झाले. मुरमाची वाट वरच्या टोकाला खरवडून निघाली होती, बाकी ठिकाणी तिच्यावर गाळाचा थर होता. गाळ वाळला, माणसं चालली, वाट पुन्हा उमटली. वाळा आडवा झोपला होता, पंधरा दिवसांत उठला. वाळुंजाच्या फांद्यांवर डोक्याच्याही वर चिंध्या, पिशव्या, थर्माकोल अडकलेलं, झाडं मात्र जागेवर. आडवे दगड जागेवर. कचऱ्याचे डबे लोखंडी चौकटीसकट गेले. माहितीचा फलक पुलाजवळच्या बाभळीत सापडला, उलटा. एक काँक्रीटचा बाक, जो देणगीदाराच्या आग्रहाखातर खाली बसवला होता, पुढच्या बाजूने पाणी खणत गेल्याने नाकावर आपटला होता.

आणि ब्लॉकचा तुकडा. त्याच्या एका कोपऱ्याला पाणी लागलं होतं, तेही थोडाच वेळ. ब्लॉकखाली वाळूचा थर असतो. कडेच्या कर्बस्टोनजवळ भोक पडलं, त्यातून वाळू वाहून गेली आणि वर ब्लॉक एकमेकांना धरून अधांतरी राहिले. दिसायला सगळं जागच्या जागी. काकांनी पाय ठेवला आणि चार ब्लॉक घेऊन घोट्यापर्यंत खाली गेले. मुरूम वाहून गेला तर तो गेलेला दिसतो आणि दोन घमेल्यांत भरता येतो. ब्लॉक मात्र पोकळी झाकून ठेवतो. यानंतर गटावर पेव्हर ब्लॉकचा विषय कुणी काढला नाही. ज्यांनी सगळ्यांत जोरात मागणी केली होती तेच काका आता आजूबाजूच्या सोसायट्यांना मुरमाचं महत्त्व पटवत फिरतात, जरा जास्तच.

पुढचं धोरण त्या महिन्यात ठरलं. खालची वाट जूनच्या पहिल्या पावसाला बंद, दोन्ही टोकांना साखळी. विसर्गाचा आकडा जाहीर झाला की तो गटावर येतो, गोठेवाले मामा म्हशी वर घेतात. दिवाळीनंतर डागडुजी, मग वाट खुली. खाली कायमचं काहीही बसवायचं नाही. बाक हवेत तर पडलेल्या झाडांचे ओंडके, गेले तर गेले. फलक दोरीने बांधलेले, पावसाळ्यात उतरवून टपरीत. वरची वाट बारमाही, आणि म्हाताऱ्यांची, बाबागाड्यांची, खुर्च्यांची सगळी सोय तिथेच.

दरवर्षी खर्च करायची ही कसली विकासाची पद्धत, असा आक्षेप येतो. खर्च होतो हे खरंच आहे, मुरूम, मजुरी, चहा-पोहे. पण नदीकाठी पक्कं बांधलेलंही दुरुस्तीला येतंच. फरक एवढा की तेव्हा ठेकेदार, निविदा आणि मोठी रक्कम लागते, आणि ते होईपर्यंत जागा पत्रे लावून बंद.

सध्या

या सगळ्याच्या डोक्यावर महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटर. मार्च 2022 मध्ये पायाभरणी झाली, संगमवाडी ते बंडगार्डन आणि पुढे मुंढव्याकडे कामाला आधी हात लागला. विरोधही झाला. झाडं वाचवण्यासाठी एप्रिल 2023 मध्ये पुणेकरांनी चिपको मोर्चा काढला. बांधीव तट करून त्यावर फिरायचा रस्ता, ही त्या प्रकल्पाची मूळ कल्पना आहे. फिरायला उत्तम जागा मिळेल यात शंका नाही. माझा आक्षेप पात्राच्या रुंदीचा आहे, आणि 2024 नंतर तो आणखी पक्का झाला.

आमच्या तुकड्यावर हा तट आला तर खालची वाट त्याच्या पोटात जाईल. गटात यावर एकमत नाही. काहींना वाटतं, जाऊ दे, वर छान रस्ता मिळेल. मावशींना कुणी विचारलं तेव्हा त्यांनी तटाला पायऱ्या असणार का, एवढंच विचारलं. नकाशात त्या भागात पायऱ्या आहेत का, हे पाहायचं काम माझ्याकडे आलंय.

नाल्याचा प्रश्न तसाच आहे. साकवाला आता एक नवी कल्पना निघाली आहे. खांब न घालता, दोन्ही काठांवर टेकवलेला, पावसाळ्यात उचलून ठेवता येईल असा हलका लोखंडी सांगाडा. कर्वेनगरच्या एका फॅब्रिकेटरने वजन काढून दिलं, सहा-आठ जणांना उचलेल असं. परवानगी लागेल की नाही यावर दोन कार्यालयांची दोन उत्तरं मिळाली आहेत. तोंडी. लेखी मागितली आहेत.

दरम्यान वरच्या अंगाला वारज्याच्या बाजूचे काही रहिवासी येऊन वाट पाहून गेले. त्यांना आराखडा हवा होता. तो दिला, पण त्याआधी तलाठ्याकडून सातबारे, भूमी अभिलेखकडून मोजणी आणि जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा काढून तिन्ही एकावर एक ठेवा, असं सांगितलं. त्यांचे सातबारे आले आहेत. मोजणीची तारीख अजून मिळायची आहे.